पोळ्याच्या पाटावरचे बैलतोंडे

धाकटे मामा बोटीवर नोकरीला होते, आणि बोटीवरचा माणूस सुट्टीवर आला की त्याच्या पेटीतून काहीतरी निघालंच पाहिजे, अशी आमच्या रेल्वे क्वार्टरमधल्या सगळ्यांची समजूत होती. आईला थर्मास यायचा, शेजारणींना वासाच्या साबणाच्या वड्या, मला एकदा आत बर्फ पडणारा काचेचा गोळा आला. बाबांना काय आणावं हे मात्र मामांना कधी सुचत नसे. बाबा पूर्णा स्टेशनवर पार्सल क्लार्क होते. चहा आणि बुद्धिबळ सोडून त्यांना कशाची हौस नव्हती. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात आंब्याच्या करंड्यांवर पट ठेवून ते खेळत. त्यांचा एक हत्ती केव्हाच हरवला होता आणि त्याच्या जागी औषधाच्या बाटलीचं बूच उभं असे. मामांनी हे कधीतरी पाहून ठेवलेलं असणार. त्या उन्हाळ्यात ते आले तेव्हा बाबांच्या हातात त्यांनी बिस्किटांचा एक जड पत्र्याचा डबा ठेवला आणि म्हणाले, "दाजी, इंग्लंडचे मोहरे. जुन्या बाजारात घेतले, पण एकही हरवलेला नाही."

डबा उघडला तर आत कापसात गुंडाळलेली करड्या शिशाची माणसं. अंगठ्याच्या पेराएवढी, बिनरंगाची. भाला घेतलेले हाडांचे सापळे, पोटापर्यंत दाढी आलेले बुटके, बेडकासारखा फतकल मारून बसलेला एक जाडा, आणि सात पैलवान. त्यांचं अंग माणसाचं, डोकं बैलाचं आणि हातात कुऱ्हाड. बाबांनी सगळी पलंगावर ओळीनं मांडली आणि संध्याकाळभर ते त्यांच्यातला राजा शोधत राहिले. मामा म्हणाले, हा जाडाच राजा असेल. बाबा म्हणाले, राजा असा बसून राहिला तर त्याला शह कसा द्यायचा? शेवटी त्यांनी एक सापळा तेवढा ठेवून घेतला आणि बुचाच्या जागी हत्ती म्हणून नेला. तो पुढे त्यांच्या निवृत्तीपर्यंत पार्सल ऑफिसात हत्तीच राहिला. उरलेला डबा माझ्याकडे आला, कारण तळाशी एक चार पानांची घडी होती आणि ती इंग्रजीत होती. घरात इंग्रजी म्हटलं की माझ्याकडे येई. तारेपासून ते टॉनिकच्या बाटलीवरच्या सूचनांपर्यंत सगळं. मी पॅसेंजरने रोज नांदेडला इंग्रजी शाळेत जात होते, त्याची तेवढी तरी फेड व्हावी म्हणून असेल.

त्या चार पानांवरून मला कळलं की हे बुद्धिबळ नव्हेच. कुठल्या तरी काल्पनिक मुलखातल्या या फौजा. तिकडचे लोक त्या विकत घेतात, रंगवतात आणि टेबलावर मांडून फाशांनी लढाया करतात. लढाईचे नियम त्या घडीत नव्हते, ते वेगळ्या पुस्तकात होते आणि ते पुस्तक इंग्लंडातच राहिलं होतं. घडीत होतं ते फक्त रंगवायचं कसं. त्यामुळे माझ्यापुरता हा खेळ म्हणजे रंगवणंच झाला. आता नांदेडच्या माझ्या घरात कपाटाचे चार कप्पे या असल्या प्राण्यांनी भरलेले आहेत, पण खरी लढाई मी आयुष्यात एकदाच खेळले, भाच्याबरोबर. पाऊण तासात हरले आणि मला कंटाळा आला.

आधी सगळ्यावर पांढऱ्याचा एक हात द्यायचा. तो वाळला की अंगाचा रंग. मग काळा रंग पाण्यासारखा पातळ करून वरून सोडायचा, म्हणजे तो आपोआप खाचांत उतरतो आणि बरगड्या, बोटं, दाढीचे केस सगळं उठून दिसतं. शेवटी ब्रश जवळजवळ कोरडा पुसून फिकट रंग फक्त उंचवट्यांवर फिरवायचा. हे वाचून मी इतकी हरखले की रात्री ताटातल्या आमटीत बोट बुडवून भाकरीच्या पापुद्र्यावर करून पाहिलं. आमटी खाचांत उतरली. आईने विचारलं, जेवायलीस का चित्र काढायलीस? मी तेव्हा बहुतेक वेळा काही बोलत नसे. शाळेत इंग्रजी बोलताना चुकेल म्हणून गप्प, आणि घरी मराठी बोलताना शाळेतली म्हणून हसतील म्हणून गप्प. गप्प बसण्याचा एक फायदा होता. लोक आपल्यासमोर काहीही बोलतात, आणि आपल्याला काय आवडतं ते कुणी विचारत नाही.

रंग मात्र पूर्णेत मिळेनात. पाण्याचे शाळेतले रंग शिशावर टिकत नसत. मग पत्र्याच्या टाक्यांना लावतात तो चांदीचा रंग, सायकलच्या दुकानातला काळा, आईची वाळत आलेली गुलाबी नेलपॉलिश असं जमवत गेले. शाळेच्या ब्रशचे केस कापून चारपाच तेवढे ठेवले आणि टोक यावं म्हणून ते ओठात धरून ओले करत असे. माझी मुलगी डॉक्टर झाल्यापासून ही गोष्ट मी तिच्यासमोर सांगत नाही. हे सगळं एका पेटीत कॉटखाली असे. बाहेर कुणी आलं की ब्रश धुवायच्या रॉकेलच्या वासाने चोरी उघडी पडेल म्हणून मी उदबत्ती लावायची. आईला वाटायचं, मुलीचं देवाकडे लक्ष लागलं.

त्या वर्षांत विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद असला की पॅसेंजर सुटायची नाही आणि शाळा बुडायची. मी त्या दिवसांत दाढीवाल्या बुटक्यांचे पट्टे रंगवत बसे आणि मनातल्या मनात खूश असे. माझ्या बाकावर विशाखा बसायची. तिचे वडील शिक्षक होते आणि मोर्चाला जात. तिच्या घरी ते दिवस सुट्टीचे नसत. वडील परत येईपर्यंत तिच्या घरी चूल पेटत नसे, हे तिने मला फार पुढे, आम्ही दोघी नोकरीला लागल्यावर सांगितलं. तेव्हा शाळा उघडली की ती जरा जास्तच व्यवस्थित वेणी घालून येई, एवढंच मला दिसत होतं.

पोळ्याला आम्ही ताडकळसला मोठ्या काकांकडे जायचो. त्या साली बाबांना सुट्टी नव्हती आणि त्यांच्या डब्यासाठी आई मागे राहिली, म्हणून काका येऊन मला एकटीलाच घेऊन गेले. मी जायला एका पायावर तयार झाले, याचं काकांना नवल वाटलं. कारण असं होतं की पोळ्याच्या आधीच्या बाजारात बैलांच्या शिंगांना लावायचा रंग येतो. लहान लहान डब्या, शेंदरी, हिरवा, निळा, असा झगझगीत की डोळे दिपावेत, आणि वर चिकटवायला चमकता बेगड. सातही बैलतोंडे माझे रंगवून झाले होते, फक्त शिंगं राहिली होती. बैलतोंडे हे नाव मीच ठेवलं होतं. शिंगाला शिंगाचाच रंग लावायचा हे मी ठरवून टाकलं होतं. सातही जण रुमालात गुंडाळून मी कंपासपेटीत घालून नेले.

काकांची मुलगी सुमन माझ्याच वयाची. जिभेला हाड नाही. मी एसटीतून उतरले की ती म्हणायची, आल्या मॅडम. मॅडमला भाकरी चालती का ब्रेड आणू? मला तिचा राग येई आणि तिच्याशिवाय करमतही नसे. त्या दिवशी काकूने आम्हाला शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे दिले आणि सुमन बैलांच्या झुली उन्हात टाकायला गेली, तेवढ्यात मी माळवदावर चढले. घरात पाणी गळू नये म्हणून नुकतंच चोपलेलं ते माळवदाचं सपाट छत, मातीचा गार वास, खाली गोठ्यात घुंगरं घासण्याचा आवाज. काकांनी बैलांसाठी आणलेल्या डब्यांतून काडीवर येईल एवढा रंग मी घेतला होता. शेंदरी शिंगं तिघांना, हिरवी तिघांना, आणि एकाला निळी. त्या सातव्याचं डावं शिंग मुळात शिसं ओतताना जरा खाली आलेलं होतं, त्याला मी जास्त वेळ दिला. मग बारीक थेंब पडायला लागले. ओल्या रंगाचे सातही जण घेऊन मी खाली पळाले आणि माजघरात, कोंबड्या आणि धूळ पोचणार नाही अशा एका देवळीत त्यांना वाळायला उभं केलं. देवळी म्हणजे भिंतीतला कोनाडा. शेजारी दुसऱ्या देवळीत कुंभाराकडून आणलेले मातीचे बैल होते, ते मी पाहिले होते. पण त्यावरून पुढे काय होईल हे मला सुचायला हवं होतं, असं आजही मला वाटत नाही.

संध्याकाळी बैलांची खांदेमळणी झाली. तूपहळद चोळून, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या, असं काकांनी प्रत्येक बैलाच्या कानाशी अगदी पाहुण्याला सांगावं तसं सांगितलं. पोळ्याच्या सकाळी सुमन आणि मी शेतावर गेलो, मग वेशीत मिरवणूक पाहिली, मग मारुतीपुढे बैलांची मंगलाष्टकं झाली. त्यात एका बैलाने भटजींचं उपरणं चघळलं. हसत हसत घरी आलो तर दारात चपलांची गर्दी. माजघरात आरती चालली होती. आणि पाटावर, गव्हाच्या राशीवर, माझे सातही बैलतोंडे उभे होते. कपाळावर हळदकुंकू, गळ्यात सुताचे पदर, पुढे पुरणपोळी, गुळवणी, भजी, कुरडई.

झालं होतं असं. पूजेसाठी खाली काढून ठेवलेल्या मातीच्या बैलांवर सकाळी शेळीने पाय दिला होता. भंगलेलं पूजेला चालत नाही. काकू कपाळाला हात लावून बसली होती, आणि तिची नजर शेजारच्या देवळीत गेली. बाबा दर वर्षी म्हणायचे, वहिनी, पुढच्या पोळ्याला तुम्हाला नांदेडचे रंगीत बैल आणून देतो. भावजींनी शेवटी शब्द पाळला, पोरीच्या हाती गुपचूप पाठवले, असं काकूने धरलं. दोन पायांवर उभे का, हे कुणीतरी विचारलंच. काकूने त्याचंही उत्तर तयार ठेवलं होतं. ती शेजारणींना सांगत होती, "गडी आन बैल एकाच जागी केलाय. हातात कुऱ्हाड बघा की. शेतात दोघं एकच की वो."

बायकांना ते पटलं. एकीने तर वाकून नमस्कारही केला. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. बोलायचं म्हणजे काय बोलायचं? मी चोरून बाहुल्या रंगवते, हे त्या भरल्या घरात, सुमनच्या समोर? मी हळदकुंकू घेतलं, पुरणपोळी खाल्ली. आणि जेवताना काकू सहज म्हणाली की उद्या सकाळी पाटावरचं सगळं नेहमीप्रमाणे ओढ्याला सोडायचं. ही तिच्या माहेरची रीत. मातीचे बैल पाण्यात विरघळतात, मातीला माती मिळते, असं ती म्हणायची. ओढा त्या दिवसांत दोन्ही काठ भरून वाहत होता.

सकाळी मी उठले तेव्हा काकूच्या हातात सूप होतं. सुपात फुलं, भंगलेले मातीचे बैल, वरती माझे सात. सुमन कळशी घेऊन मागे. काका ओट्यावर चहा पीत होते. त्या तीन महिन्यांत मी दुसरं काही केलं नव्हतं. प्रत्येकाच्या छातीवरचे केस मी ब्रशच्या एकाच केसाने रंगवले होते. काकूने उंबऱ्यावर पाय ठेवला आणि मी ओरडले. तेही इंग्रजीत. "नो, प्लीज, दे आर माइन."

सुमन अशी हसली की कळशी हिंदकळली. "बघा, मॅडम जाग्या झाल्या." काकू थांबली. तिला काही कळलं नव्हतं. मला लाजेने मेल्यासारखं झालं, पण एकदा तोंड उघडल्यावर ते मिटेना, आणि पुढचं निघालं ते शाळेचं नव्हतं.

"काकू, ते माझे हायेत. बाबांनी न्हाई पाठवले. म्या रंगवलेत. ते बैल न्हाईत."

"बैल न्हाईत तर काय हायेत?"

आता खरं सांगणं भाग होतं. मी सांगितलं की दूरच्या एका देशातली ती गोष्ट आहे. राजाने एक भुलभुलैया बांधला, त्यात असा अर्धा माणूस अर्धा बैल ठेवला होता. वाट चुकून आत येईल त्याला तो खायचा.

"मानसं खायचा?" काकू म्हणाली.

मी मान हलवली. काकूने सुपाकडे पाहिलं. काल सात माणूसखाऊंना हळदकुंकू लावून, गल्लीतल्या बायकांना बोलावून, तिने पुरणपोळी वाढली होती. तिच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. सुमनही हसायची थांबली. मला वाटलं, आता सूप इथंच ओट्यावरून भिरकावलं जाणार.

काकांनी कपबशी खाली ठेवली. त्यांनी एक बैलतोंड्या उचलला, उजेडात धरला, फिरवून फिरवून पाहिला. शिंगावरून अलगद अंगठा फिरवला. मग म्हणाले, "रातच्याला पुरणपोळी खाल्ली का न्हाई ह्यांनी? मग आता कशाला मानसं खातेत?"

काकूला हसू आवरेना. ती तशीच उंबऱ्यावर बसली, सूप मांडीवर घेऊन. मग डोळे पुसून ती कामाच्या गोष्टीवर आली. पूजा तर झाली होती, ती काही उलटी होत नाही. "मातीचे हायेत का धातूचे?" मी म्हणाले, शिशाचे. मग तिच्या दृष्टीने प्रश्न सुटला. धातूच्या देवाला कुणी बुडवत नाही. अक्षता टाकून जागचा हलवायचा आणि परत ठेवून द्यायचा. तिने तिथेच सुपात अक्षता टाकल्या, एकेकाला चिमटीत धरून जरासं सरकवलं आणि माझ्या ओंजळीत दिलं. वर बजावलं की एकदा पाटावर बसवले म्हणजे आता दर पोळ्याला आणायला लागतील, तुझं लगीन होऊन तू कुठंबी गेलीस तरी. काकू होती तोवर मी ते पाळलं. एका वर्षी मुलगी पोटात होती म्हणून मला जाता येईना, तेव्हा ते पार्सलने गेले आणि पार्सलनेच परत आले.

दुपारी मी माळवदावर गेले तर सुमन आधीच तिथे बसलेली, शिंगांच्या रंगाच्या डब्या समोर घेऊन. म्हणाली, "एखादी बाई न्हाई का गं त्यांच्यात? सगळे गडीच?" मी म्हणाले, डब्यात एक आहे, तलवारवाली, पुढच्या वेळी आणते. आणली. सुमनने तिला हिरवं लुगडं नेसवलं, शेंदरी काठाचं, आणि तलवारीला बेगड लावला. माझ्या चार पानांतला एकही नियम तिने पाळला नाही. ती बाई माझ्या कपाटात पहिल्या कप्प्यात पुढे आहे आणि येणारे जाणारे आधी तिच्याकडेच पाहतात, याचा मला अजून थोडा राग येतो.

परत जाताना काका मला पोचवायला पूर्णेपर्यंत आले. धाकट्या भावासाठी पुरणपोळ्यांचं गाठोडं त्यांच्या मांडीवर होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची एसटी म्हणजे माणसांवर माणसं. गाडी सुटली आणि काकांनी हात पुढे केला, काढ बरं ते. मी इकडेतिकडे पाहिलं. काका वाट पाहत राहिले. मी कंपासपेटी उघडली. त्यांनी शेजारच्या माणसाच्या तळहातावर एक ठेवला आणि म्हणाले, आमच्या पुतणीनं रंगवलाय. शेजारच्याने मागच्याला दिला. थोड्याच वेळात माझे सातही जण गाडीभर पसरले, खडबडीत बोटांतून, तंबाखूच्या हातांतून, एकजण तर कंडक्टरच्या तिकिटांच्या पेटीवर उभा राहून पुढे ड्रायव्हरपर्यंत जाऊन आला. मी खिडकीबाहेर पाहत होते आणि कानाने सगळं ऐकत होते. तिथे कुणी विचारलं नाही की हे कशाचं, कशासाठी. बहुतेक सगळे शेतकरी. त्यांनी त्यांना बैलासारखंच पाहिलं. खांदा कसा आहे, शिंगं कशी वळलीत, पायात जोर आहे का. आणि पाहता पाहता त्यांनी ते जुळवायला घेतले. हा अन् तो एका उंचीचे. ह्या दोघांची शिंगं सारखी. मागच्या बाकावर बराच वाद झाला, आणि माझ्याकडे ते परत आले ते जोड्यांनी आले. आधी शेंदरी शिंगांची एक जोडी, मग हिरवी, मग एक शेंदरी आणि एक हिरवा, उंची बघून जुळवलेले.

शेवटचा एका म्हाताऱ्याच्या हातात राहिला. निळ्या शिंगाचा. पांढरी मिशी, डोक्याला मळकं मुंडासं. बसच्या दांडीला धरून तो झुलत माझ्यापाशी आला आणि मलाच विचारलं, काकांना नाही.

"बाई, ह्याची जोडी कुठाय?"

अनोळखी माणसाशी मी तोवर बसमध्ये कधी बोलले नव्हते. "अजून मिळायची हाय," मी म्हणाले. आणि मग कुणी विचारलं नसताना पुढचंही बोलले, की ह्याचं डावं शिंग जरा खाली आहे, म्हणून दुसराही तसाच बघावा लागेल, नाहीतर शोभणार नाही.

म्हाताऱ्याने तो पुन्हा डोळ्यांजवळ नेला. शिंग पाहिलं. माझ्या तळहातावर त्याला नीट उभा केला, पडू नये म्हणून क्षणभर बोट लावून धरलं.

"बराबर हाय तुमचं," तो म्हणाला. "पर घाई करू नका. मनासारखा भेटंस्तवर ह्याला आसाच ऱ्हाऊ द्या. कसल्याबी संगं जुपला तर चांगला बैल बिघडतो."